सकाळी थंड, दुपारी कोमट: मासळीच्या रीफर ट्रकची कॉइल पुन्हा पुन्हा का गोठते?

पावसाळा सुरू झाला की गोव्यातल्या आमच्या वेर्ण्याच्या कार्यशाळेत रीफर, म्हणजे शीतपेटी असलेल्या, ट्रकची एक तक्रार हमखास येते, आणि ती बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: ‘गाडीतला गॅस संपला, भरून द्या.’ पहाटे चार वाजता मालिमच्या धक्क्यावर किंवा मडगावच्या घाऊक बाजारात माल चढवताना बॉडीतले (मागच्या बंद पेटीतले) तापमान दोन अंश असते. कांदोळी-कळंगुटच्या हॉटेलांना माल देत देत साडेदहा वाजले की ते बारा-चौदा अंशांवर गेलेले असते. मेकॅनिक गेज लावतो, सक्शनचे प्रेशर (कंप्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब) कमी दिसते, तो गॅस, म्हणजे यंत्रणेत फिरून थंडावा देणारे द्रव्य, भरतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी पुन्हा व्यवस्थित थंड होते. आठवडा उलटत नाही तोच ती त्याच तक्रारीसह दारात उभी राहते.

मी ट्रकच्या रेफ्रिजरेशनसाठी इव्हॅपोरेटर कॉइल (ज्या नळ्यांत गॅस उकळून हवा थंड करतो त्यांचा संच), तिच्याखालचा पाण्याचा ट्रे आणि हवेचे डक्ट यांच्या रचनेचे काम करतो. अशा गाड्यांत खरी गळती क्वचितच सापडते, असा माझा अनुभव आहे. दोष कोणता याचा पुरावा तक्रारीतच दडलेला असतो: गॅस खरोखर गळत असता तर रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी आपोआप बरी झाली नसती. रात्री जे घडते ते एवढेच की इंजिन बंद असते, कॉइलवर साचलेला बर्फ वितळून जातो आणि हवेला पुन्हा वाट मिळते. मेकॅनिकने गॅस भरल्यावर गाडी ‘बरी’ होण्याचे कारणही तेच असते, कारण त्याचे काम चालू असताना दोन तास दारे उघडी राहतात आणि तेवढ्यात कॉइल मोकळी होते. श्रेय मात्र सिलिंडरला मिळते.

गेज लावण्याआधी झाकण उघडा

गाडी बिघडलेल्या अवस्थेत असतानाच, म्हणजे सकाळी दहा-अकराच्या सुमारास, इव्हॅपोरेटरचे झाकण काढून कॉइल डोळ्यांनी पाहणे ही पहिली तपासणी आहे. गाडी दुपारी आणून सावलीत उभी केली आणि संध्याकाळी पाहिली, तर दिसण्यासारखे काही उरत नाही. म्हणून मी चालकांना सांगून ठेवले आहे की तापमान चढू लागले की थेट कार्यशाळेत यावे, वाटेत चहाला थांबू नये.

बर्फ कुठे जमला आहे यावरून बरेच काही कळते. संपूर्ण कॉइलवर सारखा, पांढरा, भुसभुशीत थर असेल तर दमट हवा फार येत आहे किंवा डिफ्रॉस्ट (कॉइलवरचा बर्फ वितळवणे) पुरेसा होत नाही. गॅस जिथून आत शिरतो त्या बाजूच्या दोन-चार नळ्यांवरच बर्फ असून बाकीची कॉइल कोरडी आणि कोमट असेल, तर मात्र गॅस कमी आहे, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारी झडप) तुंबला आहे किंवा डिस्ट्रिब्युटरकडून (गॅस वेगवेगळ्या नळ्यांत वाटणाऱ्या भागाकडून) सर्व वाटांना सारखा पुरवठा होत नाही. तळाशी काचेसारखा पारदर्शक, कडक बर्फ असेल तर पाणी ट्रेमधून बाहेर पडत नाही आणि तिथल्या तिथे पुन्हा गोठते. एकाच कोपऱ्यात बर्फाची जाड शेपटी दिसली तर त्या बाजूच्या भिंतीत पाइप किंवा वायर नेण्यासाठी पाडलेले भोक नीट बुजवलेले नाही आणि बाहेरची हवा तिथून कॉइलकडे खेचली जात आहे. हे चार प्रकार ओळखता आले की अर्धे काम झाले.

त्यानंतर गेज लावायला हरकत नाही, पण केवळ सक्शनचे प्रेशर पाहून निर्णय घेणे ही सर्वांत मोठी चूक आहे. गॅस कमी असला तरी प्रेशर पडते आणि कॉइल बर्फाने बुजली तरीही पडते. फरक कळतो तो सुपरहीटवरून, म्हणजे गॅस ज्या तापमानाला उकळतो ते आणि कॉइलमधून परतणाऱ्या पाइपचे तापमान यांतल्या फरकावरून. आर-४०४ए या गॅसचे उदाहरण घेऊ. उणे १० अंशांना त्याचे प्रेशर गेजवर सुमारे ४८ पीएसआय असते आणि उणे २० अंशांना सुमारे ३०. समजा गेज ३० दाखवते, म्हणजे कॉइलमध्ये गॅस उणे २० अंशांना उकळतो आहे. आता एक्स्पान्शन व्हॉल्व्हचा बल्ब (तापमान ओळखणारा भाग) जिथे बांधलेला आहे तिथे सक्शन पाइपचे तापमान मोजा. ते उणे ५ असेल तर सुपरहीट १५ अंश झाला आणि कॉइल उपाशी आहे, म्हणजे गॅस किंवा व्हॉल्व्ह तपासावा. ते उणे १८ असेल तर सुपरहीट जेमतेम २ अंश आहे. गॅस भरपूर आहे, पण त्याला उष्णता देणारी हवाच कॉइलमधून जात नाही. अशा वेळी सक्शन पाइपवर थेट कंप्रेसरपर्यंत दव किंवा बर्फ चढलेला दिसतो आणि द्रवरूप गॅस कंप्रेसरमध्ये परतण्याचा धोका असतो. त्यात आणखी गॅस ओतणे म्हणजे कंप्रेसरच्या व्हॉल्व्हप्लेटला संकटात लोटणे होय.

बर्फ येतो कुठून

यामागचे गणित लहान आहे आणि ते एकदा मांडून पाहिले की गोव्यातल्या गाड्यांना हा त्रास इतका का होतो ते स्पष्ट होते. जुलैत बाहेरची हवा २८ अंशांवर असते आणि तिची सापेक्ष आर्द्रता ९० टक्के धरली तर एका घनमीटर हवेत साधारण साडेचोवीस ग्रॅम पाण्याची वाफ असते. २ अंशांची हवा पूर्ण ओली असली तरी तिच्यात साडेपाच ग्रॅमच्या आसपासच वाफ मावते. म्हणजे दारातून आत शिरलेला प्रत्येक घनमीटर सुमारे १९ ग्रॅम पाणी मागे ठेवतो, आणि ते पाणी बॉडीतल्या सर्वांत थंड पृष्ठभागावर, म्हणजे कॉइलवर, जाऊन बसते. १४ फुटी बॉडीत माल भरल्यावर १२ घनमीटर हवा उरते असे धरले आणि प्रत्येक वेळी दार उघडल्यावर तिच्यातली निम्मी बदलते असे मानले, तर २४ ठिकाणी थांबणारी गाडी दुपारपर्यंत पावणेतीन किलो पाणी आत घेते. वितळणाऱ्या बर्फाचे आणि ओल्या क्रेटचे पाणी यात धरलेलेच नाही.

याच्या तुलनेत भिंतींतून येणारी उष्णता पाहा. नाशवंत मालाच्या वाहतुकीसाठी १९७०मध्ये झालेल्या एटीपी करारानुसार उत्तम इन्सुलेशन असलेल्या बॉडीचा के-गुणांक (भिंतींतून उष्णता किती झिरपते त्याचे माप) ०.४० वॉट प्रति चौरस मीटर प्रति अंश यापेक्षा जास्त असू नये. आपल्या १४ फुटी बॉडीचा पृष्ठभाग सुमारे ४२ चौरस मीटर आणि आतबाहेरच्या तापमानातला फरक २८ अंश धरला, तर भिंतींतून जेमतेम अर्धा किलोवॉट उष्णता आत येते. बॉडी जुनी असेल आणि फोममध्ये पाणी मुरले असेल तर हा आकडा वाढतो, हे खरे. तरीही मासळीच्या फेरीत खरा भार दाराचा असतो.

म्हणूनच ‘मोठा कंप्रेसर बसवा’ हा सल्ला मला पटत नाही. कॉइल तीच ठेवून कंप्रेसर मोठा केला तर गॅस आणखी खालच्या तापमानाला उकळतो. कॉइल उणे ८ ऐवजी उणे १४ला जाते, हवेतले पाणी अधिक जोमाने खेचते आणि आणखी लवकर बुजते. गेल्या वर्षी एका मालकाने बाहेरच्या एका विक्रेत्याच्या सांगण्यावरून असा बदल करून घेतला. त्याची गाडी पूर्वी साडेदहाला बंद पडत असे, ती साडेनऊला पडू लागली.

फिन्समधले अंतर

त्याच गाडीचे झाकण काढले तेव्हा आत वातानुकूलन यंत्राची कॉइल निघाली. कोणीतरी मूळ कॉइल सडल्यावर बाजारात मिळेल ती बसवली होती. अशा कॉइलमध्ये इंचाला १२ ते १४ फिन्स (नळ्यांवर बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या) असतात, म्हणजे दोन फिन्समध्ये दोन मिलिमीटर अंतर. दोन्ही बाजूंनी प्रत्येकी एक मिलिमीटर दव गोठले की वाट संपली. घरच्या एसीच्या कॉइलवर बर्फ जमणे अपेक्षित नसते, त्यामुळे तिथे ही रचना योग्य ठरते. इथे ती घातक ठरते. मासळीच्या गाडीसाठी मी इंचाला ६ फिन्स, म्हणजे सव्वाचार मिलिमीटर अंतर ठेवतो आणि हवा ज्या बाजूने आत शिरते तिथल्या पहिल्या दोन रांगांत ते त्याहूनही मोठे ठेवतो, कारण सर्वांत जास्त बर्फ तिथेच जमतो. फिन्स कमी झाल्याने जो पृष्ठभाग घटतो तो नळ्यांच्या रांगा वाढवून भरून काढावा लागतो, कॉइल जाड आणि महाग होते, आणि मालकाची समजूत घालण्यात अर्धा तास जातो. खाऱ्या हवेमुळे फिन्सवर इपॉक्सीचा लेप हवाच. तांब्याच्या नळीला चिकटलेले उघडे ॲल्युमिनियम किनाऱ्यावर आणि मासळीच्या पाण्यात फार दिवस तग धरत नाही.

डिफ्रॉस्ट होतो, पण अर्धवट

पावणेतीन किलो बर्फ वितळवायला लागणारी उष्णता फार नसते. एका युनिट विजेच्या चौथ्या हिश्शाएवढी पुरते. अडचण उष्णतेच्या प्रमाणाची नाही, तर ती हव्या त्या कोपऱ्यापर्यंत पोहोचण्याची आहे.

बहुतेक गाड्यांत हॉट गॅसचा डिफ्रॉस्ट असतो. कंप्रेसरमधून निघालेला गरम गॅस थेट कॉइलमध्ये सोडतात, पंखे बंद ठेवतात आणि कॉइलवरचा सेन्सर दहा-बारा अंश दाखवू लागला की डिफ्रॉस्ट थांबवतात. आता हा सेन्सर गरम गॅस जिथून शिरतो त्याच्या जवळ बसवला असेल तर काय होईल? पाच मिनिटांत तो भाग गरम होईल, डिफ्रॉस्ट थांबेल, आणि खालच्या दूरच्या कोपऱ्यात मूठभर बर्फ तसाच राहील. पुढच्या खेपेला त्यावर आणखी थर चढेल. मी पाहिलेल्या एका गाडीत हा गोळा नारळाएवढा झाला होता आणि पंख्याची पाती त्याला घासून ‘खर्र खर्र’ वाजत होती. चालकाला वाटत होते की बेअरिंग गेले. सेन्सर फक्त वीतभर खाली, सर्वांत शेवटी मोकळ्या होणाऱ्या नळीवर बांधला आणि हॉट गॅसची वाट आधी ट्रेखालून फिरवून मग कॉइलमध्ये नेली, एवढ्यावर ती गाडी सुधारली.

डिफ्रॉस्टच्या दोन वेळांमधले अंतर हा दुसरा मुद्दा. कंट्रोलर सहा तासांवर लावलेला असेल तर लांब पल्ल्याच्या बंद गाडीला, उदाहरणार्थ अनमोड घाटातून बेळगावला एकदाच दार उघडणाऱ्या गाडीला, ते पुरते. चोवीस वेळा दार उघडणाऱ्या गाडीला पावसाळ्यात दर दोन ते अडीच तासांनी डिफ्रॉस्ट लागतो. कॉइलच्या दोन्ही बाजूंच्या हवेच्या दाबातला फरक ओळखणारा स्विच बसवला तर गरजेप्रमाणे डिफ्रॉस्ट होतो आणि मला तो घड्याळापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो, मात्र त्याच्या बारीक नळ्यांत पाणी शिरणार नाही अशा उतारावर त्या बसवाव्या लागतात.

इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा कंप्रेसर असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. वाहतूक कोंडीत गाडी आयडलवर उभी असताना कंप्रेसर मंद फिरतो, गरम गॅस कमी मिळतो आणि डिफ्रॉस्ट ठरलेल्या कमाल वेळेत पूर्ण होत नाही. त्यामुळे माझ्याकडच्या चालकांना मी सांगतो की पर्वरीच्या चढाला लागण्याआधी, रस्ता मोकळा असताना, बटण दाबून डिफ्रॉस्ट करून घ्यावा. डिफ्रॉस्टनंतर पंखे लगेच सुरू होत असतील तर तेही चुकीचे आहे. पाणी ठिबकून जायला दोन मिनिटे दिली नाहीत तर ते थेंब उडून मालावर आणि छतावर पडतात व पुन्हा गोठतात.

एक लिटर पाण्याची परीक्षा

ट्रेची तपासणी जवळजवळ सर्वजण चुकीची करतात. पंखे बंद करून ट्रेमध्ये पाणी ओततात, ते खाली वाहून जाते आणि ‘ड्रेन साफ आहे’ असा निष्कर्ष निघतो. मागच्या श्रावणात आमच्याकडच्या मुलाने एका गाडीत हेच केले. मी त्याला म्हटले, ‘आता पंखे चालू ठेवून ओत.’ त्याने बाटलीभर पाणी ओतले, आणि ते हललेसुद्धा नाही. ट्रेच्या भोकातून उलट बुडबुडे येत होते. त्याने वाकून भोकावर बोट ठेवले, काढले, आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘सर, हे तर आत ओढतंय.’

झाले होते असे: पंखा कॉइलमधून हवा खेचतो, त्यामुळे ट्रेच्या जागी बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो. १०० पास्कल एवढा जरी फरक असला तरी तो १० मिलिमीटर उंचीचे पाणी धरून ठेवतो, आणि कॉइल जसजशी बुजते तसतसा हा फरक वाढत जातो. उघड्या ड्रेन पाइपमधून बाहेरची दमट हवा वर येते आणि ट्रेमध्येच गोठते. इमारतीत यावर पाइपला यू-आकाराचे वळण देऊन त्यात पाणी ठेवतात. ट्रकमध्ये हे पाणी हिंदकळून सांडते किंवा सुकते, म्हणून पाइपच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखी मिटणारी रबरी नळी लावतात: पाणी आले की उघडते, हवा आत येऊ लागली की मिटते. ही काही रुपयांची वस्तू हरवलेली किंवा उन्हाने कडक होऊन चिरलेली नेहमी आढळते. आतल्या ट्रेची खोली दाबातल्या फरकाच्या किमान दुप्पट, म्हणजे २५ ते ३० मिलिमीटर, ठेवावी आणि दोन्ही कोपऱ्यांना निचरा द्यावा. मालिमच्या उतारावर गाडी एका बाजूला कलून उभी असते, तेव्हा एकच भोक असलेल्या ट्रेचे पाणी दुसऱ्या टोकाला साचते.

पाइपचे बाहेरचे टोक चाकाच्या रेषेत ठेवू नये. आपल्याकडच्या जांभ्याच्या लाल चिखलाने ते आठ दिवसांत लिंपले जाते. हा अनुभव जुनाच आहे. अमेरिकेत फ्रेडरिक मॅककिनली जोन्स यांनी १९३८च्या सुमारास ट्रकसाठी रेफ्रिजरेशनचे यंत्र तयार केले, तेव्हा सुरुवातीची यंत्रे ट्रेलरच्या पोटाखाली बसवत असत. ती पुढे समोरच्या भिंतीवर गेली.

मालकाच्या हातात असलेल्या गोष्टी

दाराचे रबर तपासायला दहा रुपयांची नोट पुरते. ती दारात धरून दार लावावे आणि ओढावी. सहज निघाली तर तिथून हवा जाते. दारावरचा पीव्हीसी पट्ट्यांचा पडदा अडचण होते म्हणून बांधून ठेवलेला असतो, तो सोडावा. समोरच्या भिंतीवरच्या परतीच्या जाळीला क्रेट टेकले तर पंख्यातून निघालेली थंड हवा मागे न जाता लगेच कॉइलकडे वळते, सेन्सरला वाटते की बॉडी थंड झाली, आणि मागच्या क्रेटमधला बांगडा मऊ पडू लागतो. त्यासाठी भिंतीपासून चार इंच पुढे एक साधी पाइपची चौकट ठोकून घेतली की माल तिथेच अडतो.

सेट पॉइंटबद्दल (कंट्रोलरवर लावलेल्या तापमानाबद्दल) मात्र मालकांशी वाद होतो. ‘उणे पाच ठेवले तर मासे जास्त टिकतील’ ही समजूत ताज्या मासळीसाठी चुकीची आहे. माशाचे मांस उणे एक-दोन अंशांच्या आसपास गोठू लागते, आणि भुग्याच्या बर्फातली मासळी तो बर्फ हळूहळू वितळत राहिला तरच ओली आणि शून्याजवळ राहते. हवा उणे पाच केली तर बर्फ कोरडा राहतो, इसवणाची (सुरमईची) कातडी सुकते आणि कॉइल आणखी वेगाने गोठते. एक ते दोन अंश पुरेसे आहेत. गोठवलेली कोळंबी उणे १८ अंशांवर न्यायची असेल तर ती वेगळ्या गाडीने न्यावी. एकाच गाडीत सकाळी ताजे आणि दुपारी गोठवलेले नेण्याचा अट्टहास करणाऱ्यांची कॉइल कोणत्याही रचनेने वाचवता येत नाही.

दुरुस्ती झाल्यावर आणखी एक काम उरते आणि तेच टाळले जाते. महिनोन्महिने ‘थोडा थोडा’ भरलेला गॅस अजून यंत्रणेतच असतो. बर्फाची अडचण दूर झाल्यावर हा जादा गॅस कंडेन्सरमध्ये (उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलमध्ये) साचतो, डिस्चार्जचे (कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचे) प्रेशर वाढते आणि मे महिन्याच्या दुपारी हाय प्रेशर स्विच यंत्र बंद करतो. मग पुन्हा नवी तक्रार. म्हणून सर्व गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्यावा, व्हॅक्यूम करावे आणि उत्पादकाच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच, काट्यावर मोजून, भरावा. आर-४०४ए हे तीन गॅसचे मिश्रण असल्याने ते सिलिंडरमधून द्रवरूपात सोडावे. आधीचा गॅस हवेत सोडून देण्याचा प्रकार सर्रास चालतो. त्याचा तापमानवाढीचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३,९०० पट आहे, आणि तो मालकाने विकत घेतलेला आहे हेही विसरू नये.

मासेमारीबंदीच्या काळात, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, ज्या गाड्या उभ्या राहतात त्यांच्यासाठी एक जादा सूचना आहे. दोन महिन्यांत कुंभारीण माशी ड्रेन पाइपमध्ये मातीचे घर बांधते. १ ऑगस्टला पहिला माल चढवण्याआधी चोचीसारखी रबरी नळी काढून पाइपमधून हवेचा झोत मारावा, नळी परत लावावी, आणि पंखे चालू ठेवून ट्रेमध्ये एक लिटर पाणी ओतून पाहावे.